काठाआधी एक बोट

"रेघ काठाला टेकते, माई."

"नाही टेकत."

"टेकते. मी रोज बघतो."

"तू काय बघतोस ते तू जाण. ती मी ओढली होती. काठाआधी एक बोट थांबवली होती."

"तुम्ही विसरलात. राग मानू नका, माई. गेल्या खेपेला तासाभरात तुम्ही मला दोनदा विचारलंत, जेवलास का म्हणून."

"दोन्ही वेळा तू धड उत्तर दिलं नव्हतंस."

फलटणला तेलाच्या घाण्यामागं मैनामाई दोशींच्या दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत स्वयंपाक, मागच्या खोलीत चित्रं. दार उघडलं की आधी पेंडीचा वास यायचा, मग रंगाचा.

माई ऐंशीच्या. उभा जन्म त्यांनी रेघा, पट्टे, त्रिकोण, चौकोन एवढंच काढलं. ना झाड, ना बाई, ना देव. लोक विचारायचे, हे काय आहे? माई म्हणायच्या, दिसतंय ते.

दोन वर्षांपूर्वी त्यांचे डोळे गेले. उजेड कुठल्या अंगाला आहे, एवढंच आता कळायचं.

भांडत होते ते दिनकर ढमाळ. साताऱ्याच्या एका शाळेत चित्रकलेचे मास्तर, वय पन्नाशीचं, शर्टाला कडक इस्त्री. पंधरा वर्षं माईंचे शिष्य. हे ते स्वतःच सांगायचे, न विचारता.

आणि दाराशी उभी होते ती मी, हौसा लोहार. साताऱ्यात माझं फ्रेमचं दुकान. नवरा गेल्यावर हत्यारं हातात घेतली, कुणी शिकवलं नाही, कुणाला विचारलं नाही. देव, लग्नं आणि मेलेली माणसं, सगळ्यांना काचेत घातलं. ढमाळ सरांनी त्या दिवशी मला साक्षीला आणलं होतं. साक्षीला मी, आणि पुरावा म्हणून त्यांच्या घरच्या भिंतीवरची फ्रेम. सातारा ते फलटण एस.टी.त मांडीवर धरून आणली मी ती. सर शेजारी बसून सारखे म्हणत होते, जपून, हौसाबाई, जपून. जशी काही मी काच पहिल्यांदाच धरत होते.

फ्रेममध्ये माईंच्या एका जुन्या चित्राची छापील प्रत होती. मूळ चित्र अकरा वर्षांमागं कुणी परदेशी गृहस्थ घेऊन गेला. चित्र जाण्याआधी माईंनी त्याच्या पाच-सात प्रती छापून घेतल्या, मापाला माप. त्यातली एक माईंनी सरांना दिली होती.

पांढरं रान. डावीकडं वरपासून खालपर्यंत लाल पट्टा. मध्ये टोकावर उभा काळा त्रिकोण. आणि लाल पट्ट्यापासून निघून उजव्या काठाकडं गेलेली एक बारीक काळी रेघ. एवढंच.

टेबलावर पडलं होतं ते त्याच्या जोडीचं चित्र. माईंचं शेवटचं. यात त्रिकोण टोकावर उभा नव्हता, बैठक मारून बसला होता. बाकी सगळं तेच. डोळे गेल्यावर माई सांगायच्या आणि सर काढायचे. रंगसुद्धा सरच साताऱ्याहून घोटून बरणीत घालून आणायचे.

सगळं झालं होतं. एक रेघ राहिली होती.

माईंची अट अशी, की दोन्ही चित्रांत रेघ काठापासून सारख्याच अंतरावर थांबली पाहिजे. आणि ही रेघ त्यांच्या पट्टीनं ओढली जायची. सागवानी पट्टी, हात लागून लागून गुळासारखी झालेली. पंधरा वर्षं सर आपल्या स्टीलच्या पट्टीनं आखत आले होते. माईंच्या पट्टीला त्यांचा हात लागला नव्हता. ती मिळाली तर पंधरा वर्षं पदरात पडणार होती. नाही मिळाली तर चित्र अर्धं राहणार होतं, आणि सरही.

पट्टी माईंच्या मांडीवर होती.

"काठापर्यंत नेणार असशील, तर ही मिळायची नाही," माई म्हणाल्या.

"मग काय, चुकीची रेघ ओढू?"

"विचार की मला. विचारून ओढ."

"विचारायचं काय त्यात? पंधरा वर्षांत मला एकदाही विचारावं लागलं नाही, माई. तुम्ही अर्धं बोललात की मला पुरतं कळतं."

"हं… ते माझ्या ध्यानात आलंय."

सर माझ्याकडं वळले. "ही हौसाबाई आलीये. फ्रेम हिनंच केली. माझं नका ऐकू, हिचं ऐका."

माईंनी मान वळवली. मी तोंडातून शब्द काढला नव्हता. माझ्या हाताला सरसाचा वास असतो, त्या वासाकडं वळली असेल.

"काय गं, बाई? चित्रात काही इकडचं तिकडं केलंस?"

माझा पारा चढला. "माई, मी लोकांचे आईबाप फ्रेम करते. आजवर एका मिशीचा केस हलला नाही."

"मग रेघ टेकते?"

"टेकते. बरोब्बर टेकते. काठाला अशी बसलीये, की बघून समाधान वाटावं."

सर माझ्याकडं बघून हसले. वकील आपल्या साक्षीदाराकडं बघून हसतो तसे.

"समाधान वाटतं?" माई म्हणाल्या. "… आण इकडं."

मी फ्रेम त्यांच्या मांडीवर ठेवली, पट्टीच्या वर. माईंची बोटं आधी लाकडावरून फिरली, चारी कोपरे चाचपून आली. मग काचेवर उतरली. काचेच्या मधोमध येऊन थांबली.

"हे काय आहे? खरखरीत लागतंय."

सर जरा गडबडले. "कुंकू आहे, माई."

"चित्राला कुंकू?"

"गुरुपौर्णिमेचं. दरवर्षी पूजा करतो. हार घालतो. घरातली सगळी पाया पडतात. चित्राच्या नाही… तुमच्या."

"दरवर्षी?"

"अकरा वर्षं. एकदा चुकलं नाही."

माईंनी नखानं कुंकवाचा एक पोपडा उचकटला. बोटांत धरून चुरला.

"त्या दिवशी मी इथंच असते, दिनकर."

बाहेर घाणा करकरत होता. सरांनी खिशातून रुमाल काढला, तसाच परत ठेवला.

"लावलंयस कुठं हे?"

"बैठकीत. दारातून पाऊल टाकलं की समोर." सरांना बोलायला जागा मिळाली. "पूर्वेची खिडकी आहे. सकाळचं ऊन थेट त्याच्यावर पडतं. त्या उन्हात ते चित्र काय दिसतं, माई! मी चहा घेत समोर बसतो. तुमच्यापुढं बसल्यासारखं वाटतं."

"मी चहा पाजते का तुला?"

"तसं नाही…"

"आणि ते मूळचं? ते किती वेळा पाहिलंस?"

"एकदा. न्यायला माणसं आली होती, तेव्हा."

"हे रोज. ते एकदा."

"पण तेच आहे ना हे. मापाला माप."

माईंची बोटं काचेवरून परत लाकडाच्या कडेवर आली. मग माझ्या अंगाला तोंड करून म्हणाल्या, "बाई, एक सांग. फ्रेम किती खाते?"

एवढ्या वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. गिऱ्हाईक विचारतं, कधी मिळेल. सोनेरी बरी दिसेल का काळी. फ्रेम खाते, हे आमच्या धंद्यातल्यांनाच ठाऊक. कागद धरायचा तर त्याची कड लाकडाखाली जाणारच. ते आम्ही कुणाला सांगत नाही. कडेला काही नसतंच, असं आम्ही धरून चालतो. मेलेल्या माणसाचा चेहरा मधे असतो, देवही मधे असतो.

"पाव इंच," मी म्हणाले. "चारी बाजूंनी."

"आणि माउंट?"

माउंट म्हणजे चित्र आणि लाकूड यांच्यामध्ये घालतात तो जाड पुठ्ठा. मधे खिडकी कापलेली असते. खिडकीतून जेवढं दिसतं तेवढं चित्र.

अकरा वर्षांपूर्वीची ती दुपार मला आठवायला लागली होती.

"उघड," माई म्हणाल्या.

"माई, काच जुनी आहे," सर म्हणाले. "फुटली तर…"

"मी तिच्याशी बोलतेय. उघड, बाई."

पक्कड माझ्या पिशवीत असतेच. मी जमिनीवर बसले. फ्रेम पालथी घातली, मागचा खाकी कागद फाडला. बारीक खिळे एकेक उपटले. माझ्याच हातचे खिळे, सहजी सुटेनात. मग पाठीचा पुठ्ठा उचलला, प्रत आणि माउंट एकत्रच बाहेर काढलं. प्रत माउंटपासून सोडवली आणि टेबलावर, शेवटच्या चित्राशेजारी ठेवली.

उजव्या बाजूला रेघ येत होती… येत होती… आणि थांबली होती. तिच्यापुढं पांढरी जागा होती.

मी माझं बोट आडवं ठेवून पाहिलं. मावलं. नेमकं एक.

"थांबलीये, माई," मी म्हणाले. "एक बोट आधी."

"मग टेकवली कुणी?"

"मी." एकदा तोंड उघडलं की मी राखून बोलत नाही. "एक फ्रेम तयार पडली होती दुकानात. कुणीतरी सांगून न्यायला आलं नव्हतं. माउंटसकट हे चित्र बसवायला जराशी लहान होती. माउंट चित्रावर बोटभर पुढं घेतला की बसत होतं. पुढं घेतला, तर रेघेचं टोक बरोब्बर त्याच्या कडेला आलं. वाटलं, वा. अशी अर्ध्यात सोडलेली रेघ, आता कशी नेटकी दिसते. मलाच कौतुक वाटलं माझं."

"हं. नेटकी आहेस."

शिवी दिली असती तर मी परत दिली असती. याला काय देणार?

मी सरांकडं पाहिलं. म्हटलं, आता यांचा चेहरा उतरलेला असेल. पण सर रेघेकडं बघतच नव्हते.

ते लाल पट्ट्याकडं बघत होते. पट्ट्याच्या वरच्या टोकाकडं.

मीही वाकले. माउंटखाली झाकलेला एक बोटभर लाल, वर आणि खाली. त्याला अकरा वर्षांत ऊन लागलं नव्हतं. पिकल्या मिरचीसारखा लाल, आज सकाळी दिला असावा असा. त्याच्या खाली, माउंटच्या खिडकीतून रोज दिसत होता तो लाल. रोज सकाळच्या उन्हानं थोडा थोडा नेलेला. जुनी वीट असते तसा. दोघांच्या मधे सरळ रेघ पडली होती, कुणी न ओढलेली.

मग माझी नजर टेबलावरच्या शेवटच्या चित्राकडं गेली.

त्यातला लाल विटेचा होता.

सरांनी एकदा या चित्राकडं पाहिलं, एकदा त्या. मग माझ्याकडं. त्यांचे डोळे काय म्हणत होते ते मला कळलं. दोन वर्षं ते घरून लाल घोटून आणत होते. बैठकीतल्या भिंतीशी धरून, जुळवून, तंतोतंत. आणि माई दोन वर्षं तो लाल आपला म्हणून चित्रात भरून घेत होत्या.

माईंना दिसत नव्हतं. त्या खोलीत डोळे होते ते आम्हा दोघांचे. सर गप्प बसले असते, तर ही गोष्ट तिथंच मिटली असती. रेघ एक बोट आधी थांबवतो म्हणाले असते, पट्टी मिळाली असती, चित्र पुरं झालं असतं. कोण सांगायला जाणार होतं?

मी गप्प बसणारी बाई नाही, सातारा जाणतो. पण त्या वेळी माझी जीभ उचलली नाही. ते माझं सांगणं नव्हतं.

"गप्प का झालात दोघं?" माई म्हणाल्या. "दिनकर?"

"माई… तुम्ही म्हणता तसंच आहे. रेघ आधी थांबते. माझं चुकलं."

"बरं."

माईंनी मांडीवरची पट्टी उचलली. हात पुढं केला. पंधरा वर्षांनी ती पट्टी सरांच्या पुढं आली.

सरांनी हात उचलला… आणि खाली घेतला.

"नको."

"का?"

"माई, लाल…"

"लालचं काय?"

"तुमचा लाल हा नव्हे. मी दोन वर्षं आणला तो… तो माझ्या भिंतीवरचा आहे. उडालेला. झाकलेल्या जागी तुमचा खरा दिसतोय. मला माहीत नव्हतं. मला वाटलं, मला माहीत आहे."

माईंचा हात तसाच पुढं राहिला.

"कसा आहे माझा?"

"पिकल्या मिरचीसारखा. ओला असल्यासारखा."

"आणि टेबलावरचा?"

"… विटेसारखा."

"नव्या, का जुन्या?"

"जुन्या."

"म्हणजे दोन वर्षं मी भिंत बांधतेय." माई हसल्या. आम्ही नाही हसलो.

"मी सगळा खरवडतो," सर घाईनं म्हणाले. "आजच्या आज. पुन्हा देतो. झाकलेल्या जागेवरून जुळवतो…"

"हात लावू नकोस."

"पण तो तुमचा रंग नाही!"

"नाही."

"मग?"

"तुझ्या घरचं ऊन आहे ते. असू दे."

सरांनी आपली पिशवी उचलली. स्टीलची पट्टी टेबलावरून घेऊन आत टाकली. खाली वाकून माईंच्या पायांना हात लावला, आणि तो हात तिथून लवकर निघाला नाही.

"येतो, माई. ती पट्टी दुसऱ्या कुणाला द्या. मला कुठं थांबायचं ते कळत नाही."

"धर म्हणते ना. हात दुखायला लागला माझा."

"माई…"

"धर."

सरांनी पट्टी धरली. दोन्ही हातांनी धरली, गरम तवा धरावा तशी.

माईंच्याकडं रेघ ओढायची एक शिस्त होती. फलटणात त्यांच्याकडं चार दिवस शिकून गेलेलं पोरही ती सांगेल. रेघ ओढताना बोलायचं नाही. बोललं की श्वास हलतो, श्वास हलला की हात. आणि कागदावर टेकलेलं पेन मधेच थांबलं, तर पुन्हा पुढं न्यायचं नाही. थांबलं तिथं रेघ संपली.

सरांनी शाई भरली. पट्टी चित्रावर ठेवली. लाल पट्ट्याच्या काठाला पेन टेकवलं, त्या विटेच्या लालाला. मी तेवढ्यात मागं सरकले, माझी सावली पडू नये म्हणून. माईंनी डोळे मिटून घेतले. न दिसणारे डोळे त्यांनी का मिटले असतील, हे मी कितीदा मनाशी विचारलंय.

पेन निघालं.

बसलेल्या त्रिकोणाच्या डोक्यावरून गेलं. पुढं पांढरं रान. काळी रेघ त्यात शिरली, न कापता, न थांबता. सरांच्या कानशिलावरून घामाचा थेंब उतरत होता, आणि तो पडू नये म्हणून मी देवाचं नाव घेत होते. मी सहसा घेत नाही.

काठ एक वीत राहिला. मग पाच बोटं. मग चार.

चार बोटांवर पेन थांबलं.

"माई…" सर बोलले. पेन कागदावर टेकलेलं असताना बोलले. "कुठं थांबू?"

माई म्हणाल्या, "विचारलंस, तिथं."